वाचकांचे प्रश्न : थंड हवेतून मुंबईत घर हलवताना

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे बेंगळुरूत राहत असून येत्या जूनपासून माझ्या यजमानांची बदली मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयात होत आहे. घरात आम्ही दोघे, सातवीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि गुडघेदुखीने त्रासलेल्या सासूबाई असे पाच जण आहोत. मुलीला बालदमा आहे. बेंगळुरूत आम्हाला एसीची गरज कधी भासली नाही, त्यामुळे मुंबईच्या उकाड्याची सगळ्यांनीच धास्ती घेतली आहे. दोन बेडरूमचे घर भाड्याने घ्यायचे आहे. विलेपार्ले पूर्व, मुलुंड पूर्व आणि ठाण्याचा घोडबंदर रोड असे तीन पर्याय नातेवाइकांनी सुचवले आहेत. यजमानांना घर कार्यालयाजवळ हवे आहे, तर मला मुलांच्या शाळेजवळ. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?
— एक भगिनी, बेंगळुरू

उत्तर : आपल्या पत्रात यजमानांची सोय आहे, मुलांची सोय आहे, पण दुपारी बारा ते पाच या वेळात ज्या घरातच असणार आहेत, त्या सासूबाईंना नेमके काय लागेल याविषयी एक ओळही नाही. यजमानांचा दिवस वातानुकूलित कार्यालयात जाईल, मुलगा शाळेत असेल. घराचा उकाडा आणि भिंतींची ओल प्रत्यक्षात सोसावी लागेल ती सासूबाईंना आणि शाळेतून लवकर घरी येणाऱ्या मुलीला. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, घराची निवड या दोघींपासून सुरू करावी आणि यजमानांच्या प्रवासाला फक्त एक कमाल मर्यादा, समजा एका बाजूने सव्वा तासाची, घालून घ्यावी.

आधी उकाड्याविषयी. नुसते कमाल तापमान पाहिले, तर एप्रिलमधले बेंगळुरू आणि मे महिन्यातली मुंबई यांत फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. फरक आहे तो रात्रीचा आणि दमटपणाचा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथली रात्र निवते. मुंबईत मे महिन्यात पहाटेसुद्धा तापमान २७ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही आणि हवेत एवढी वाफ असते की घाम वाळतच नाही. शरीर थंड होण्याचा नैसर्गिक मार्गच त्यामुळे मंदावतो. दिवसा सुटका करतो तो समुद्रावरून येणारा वारा, आणि तो कुठे किती लवकर पोहोचतो यावर उपनगराची दुपार ठरते. पार्ल्याला तो आधी मिळतो. मुलुंड आणि ठाणे समुद्रापासून आत असल्याने तिथे तो उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतो, त्यामुळे मार्च ते मे या काळात तिथली दुपार अधिक तापते. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर हाच उकाडा पुन्हा काही आठवडे येतो, हे बाहेरून येणाऱ्यांना बहुधा कोणी सांगत नाही.

तरीही, उपनगरापेक्षा इमारत आणि इमारतीपेक्षा प्रत्यक्ष घर अधिक महत्त्वाचे आहे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एकाच गल्लीत समोरासमोर असलेल्या दोन घरांपैकी एकात पंख्यावर भागते आणि दुसऱ्यात रात्रभर एसी लावूनही झोप येत नाही. घर पाहायला सकाळी जाऊ नये. दलालाला सकाळची वेळ सोयीची असली, तरी दुपारी तीननंतरचीच मागून घ्यावी. आत गेल्यावर पश्चिमेकडच्या भिंतीवर तळहात टेकवून पाहावा. ती भिंत तापलेली असेल आणि सासूबाईंची खोली नेमकी तिथेच असेल, तर ते घर बाकी कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे. दोन समोरासमोरच्या दिशांना खिडक्या आहेत का, त्या उघडल्यावर वारा आरपार जातो का, की एका बाजूला शेजारच्या इमारतीची भिंतच आहे, हे स्वतः खिडक्या उघडून तपासावे. शेवटचा मजला टाळावा, कारण गच्ची दिवसभर तापून रात्री घरात उष्णता सोडते आणि पावसाळ्यात हमखास गळते.

ओलीचा प्रश्न आपल्या मुलीच्या दृष्टीने उकाड्याहून गंभीर आहे. मुंबईचा पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून पावसाचे सपकारे घेऊन येतो आणि त्या बाजूच्या भिंती चार महिने भिजत राहतात. भिंतीत मुरलेल्या पाण्यावर बुरशी धरते, दमट गाद्या-उशांमध्ये धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात, आणि या दोन्हींमुळे दम्याचा जोर वाढतो. कोरड्या दिवसांत घर पाहताना याच्या खुणा शोधाव्या लागतात. भिंतीतल्या कपाटाचे दार उघडून आत डोके घालावे. कुबट वास आला की समजावे. छताच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या खाली तेवढाच चौकोन नव्याने रंगवलेला असेल, तर त्याखाली काय दडले आहे ते विचारावे. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीला पोपडे आले आहेत का आणि खिडक्यांवर छज्जे आहेत का, तेही पाहावे. मुलीच्या बालरोगतज्ज्ञांकडून उपचारांची सगळी कागदपत्रे आणि पंपाचा लेखी आराखडा निघण्यापूर्वीच घ्यावा, आणि मुंबईतले डॉक्टर पहिल्या आठवड्यातच गाठावेत, पहिला त्रास होईपर्यंत थांबू नये.

पाणी तुंबण्याच्या बाबतीत उपनगराच्या नावावर विसंबू नये. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातल्या कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नाही. मुंबईत पाऊस असा जागेजागेने बदलतो, आणि साचलेले पाणी तर गल्लीगल्लीने. शीव, किंग्ज सर्कल, हिंदमाता, कुर्ल्याचा मिठी नदीकाठ, मिलन आणि अंधेरी सबवे ही नावे दर पावसाळ्यात बातम्यांत येतात, पण आपल्याला हवी असते ती इमारतीच्या फाटकापुढची माहिती. ती रखवालदाराला आणि कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानदाराला विचारावी. दुकानदार सर्वांत खालच्या फळीवर माल ठेवतो की नाही, यावरूनही बरेच कळते. इमारतीची विजेच्या मीटरची खोली जमिनीपासून किती उंच आहे तेही पाहावे.

आता आपले तीन पर्याय. पार्ले पूर्व मराठी कुटुंबाला आपलेसे वाटेल यात शंका नाही. पार्ले टिळक विद्यालय, लोकमान्य सेवा संघ, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह हे सारे पायी जाण्याच्या अंतरात आहे आणि कार्यालयही जवळ. मात्र तिथल्या जुन्या दोन-तीन मजली इमारतींपैकी अनेकांना लिफ्ट नाही, आणि लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीतले भाडे बरेच चढे असते. शिवाय पुनर्विकासामुळे तिथे गल्लोगल्ली बांधकामे चालू आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वारा पडलेला असताना मुंबईची हवा एरवीच खराब असते. त्यात शेजारच्या भूखंडावर पाडकाम सुरू झाले, तर दमेकरी मुलीचे हाल होतील. घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराची हिरवळ, मोठ्या खोल्या आणि कमी भाडे आहे, पण ठाणे स्थानकापर्यंतचा रस्ता आणि पुढचा प्रवास मिळून यजमानांचे रोज तीन तास सहज जातील, पावसाळ्यात अधिकच. पुढे केव्हातरी मेट्रो सुरू होईल या भरवशावर आजचे घर घेऊ नये.

या तिन्हींत मी आपल्याला मुलुंड पूर्व सुचवेन. दुपार पार्ल्यापेक्षा तापते, हे खरे. परंतु त्याच पैशांत लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन बाजूंनी हवा येणारे घर मिळण्याची शक्यता तिथे अधिक आहे, आणि सासूबाईंना सपाट रस्त्यावरून मंडईपर्यंत स्वतः जाता येईल. यजमानांना लोकलने कुर्ला आणि तिथून बस किंवा शेअर रिक्षा असा सुमारे तासाभराचा प्रवास पडेल. कुर्ला स्थानकाबाहेरची गर्दी मात्र त्यांनी एकदा सकाळी नऊ वाजता स्वतः अनुभवून पाहावी. घर शोधताना पूर्व द्रुतगती मार्गापलीकडची, जुन्या कचराभूमीची बाजू टाळावी आणि खिडक्यांना जाळ्या आहेत का ते पाहावे, कारण खाडीकडून डास येतात. कोणी चेंबूर सुचवले, तर मुलीचा दमा लक्षात घेऊन माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडचा आणि देवनार कचराभूमीकडचा भाग वगळूनच विचार करावा.

शाळेचा प्रवेश निश्चित झाल्याशिवाय भाडेकरार करू नये. २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा सक्तीचा विषय आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही लिहिण्या-वाचण्याचा सराव लागेल, तो आतापासून सुरू करावा. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे. सोसायटीचा पुनर्विकास नजीकच्या काळात ठरला आहे का, हे मालकाला आणि सोसायटीच्या सचिवांना वेगवेगळे विचारावे, आणि गळती झाल्यास दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करायची, याचे कलम करारात घालून घ्यावे.

प्रश्न : आम्ही पाचगणीहून वृद्ध आईवडिलांना घेऊन कायमचे बोरिवलीला राहायला येत आहोत. घर ठरले आहे. मे महिन्यात यावे की पाऊस सुरू झाल्यावर?
— एक वाचक, पाचगणी

उत्तर : शक्य असल्यास दोन्ही टाळून डिसेंबर किंवा जानेवारीत यावे. नव्या उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि उतारवयात याहून अधिक. थंडीत आल्यास मार्चचा उकाडा वाढेपर्यंत ही सवय हळूहळू होते. पाचगणीच्या पावसामुळे ओल आपल्याला नवी नाही, पण गारव्यातली ओल आणि उकाड्यातली ओल वयस्कांना फार वेगळी जाणवते. जूनमध्येच यावे लागणार असेल, तर पहिल्या आठवड्यात सामान हलवावे, कारण मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि त्यानंतर ट्रकमध्ये भिजलेल्या गाद्या वाळवायला ऊन मिळत नाही. आईवडिलांपैकी कोणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर घामाने कमी होणारे पाणी आणि क्षार लक्षात घेऊन तिची मात्रा बदलावी लागेल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून गोळी बंद करू नये. आल्यानंतरचे दोन आठवडे त्यांचे फिरणे सकाळी आठच्या आत उरकावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक किंवा पेज द्यावी.