वाचकांचे प्रश्न : तुकारामांच्या तसबिरीतले पागनीस

आषाढीच्या अंकात ‘संत तुकाराम’ बोलपटावर चार ओळींची टीप काय छापली, सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रांची रीघ लागली. बहुतेक पत्रे एकाच माणसाभोवती फिरतात : विष्णुपंत पागनीस. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रांत पागनीस आणि दामले यांची गल्लत झाली आहे, ती आधी निस्तरू. दोघेही विष्णुपंत. दामले हे शेख फत्तेलाल यांच्या जोडीने चित्रपटाचे दिग्दर्शक, तर पागनीस म्हणजे पडद्यावरचे तुकाराम.

प्रश्न : पागनीसांनी तुकाराम सोडून दुसरे काही केले की नाही? एका भूमिकेवरच सगळे आयुष्य गेले का? (भवानी पेठ, सोलापूर)

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला तो १२ डिसेंबर १९३६ रोजी. पागनीसांचा जन्म १८९२चा, चिकोडीचा. म्हणजे नाव झाले तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्याआधीची उमेद रंगभूमीवर गेली होती. स्वदेशहितचिंतक मंडळी या नाटक कंपनीत ते लहान वयात आले आणि गाता गळा असल्याने स्त्रीपार्ट त्यांच्या वाट्याला आले. पुढे ते गायन शिकवण्याकडे आणि भजनाकडे वळले. हा बोलपट काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीने बोलावले तेव्हा सिनेमाच्या प्रेक्षकाला हा चेहरा जवळजवळ नवाच होता.

ही निवड प्रभातच्या व्ही. शांताराम यांना पसंत नव्हती. बायकी हालचालींचा नट तुकाराम म्हणून कसा शोभणार, हा त्यांचा आक्षेप. दामले-फत्तेलाल मात्र हटले नाहीत. आक्षेप अगदीच वावगा होता असेही नाही. आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रभातनेच ‘धर्मात्मा’त स्त्रीपार्टासाठी गाजलेल्या बालगंधर्वांना एकनाथ केले होते आणि तो प्रयोग साधला नव्हता. आमच्या मते फरक पडला तो ओळखीमुळे. गंधर्व दाढी-मिशीत आले तरी लोकांच्या डोळ्यांपुढचा शालू काही हटेना. पागनीसांच्या बाबतीत पुसायला आधीचे चित्रच नव्हते. शिवाय स्त्रीपार्टाने अंगात मुरलेला हळुवारपणा, म्हणजे मनगटाची सैल ठेवण, खाली झुकलेली नजर, आवाज न चढवता बोलणे, हे सगळे संसारात हरवलेल्या वाण्याला चपखल बसले. समोर गौरी या नटीने केलेली तुकारामांची फटकळ बायको आवली होती, त्यामुळे ते अधिकच उठून दिसले.

सेंट्रलला चित्रपट ५७ आठवडे चालला. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याची गणना वर्षातल्या तीन उत्तम चित्रपटांत झाली. त्यानंतर पागनीसांकडे काय आले ते पाहा : १९३९ साली रणजित मूव्हिटोनचा ‘संत तुलसीदास’ (दिग्दर्शक जयंत देसाई), १९४० साली प्रकाश पिक्चर्सचा ‘नरसी भगत’ (दिग्दर्शक विजय भट्ट), १९४३ साली ‘भक्तराज’ आणि ‘महात्मा विदुर’. सगळे भक्त नाहीतर साधुपुरुष. ३ ऑक्टोबर १९४३ रोजी ते वारले. डिसेंबर ३६ ते ऑक्टोबर ४३, म्हणजे चित्रपटातली कीर्ती सात वर्षेही पुरती लाभली नाही.

तेव्हा ‘अडकले’ म्हणायला हरकत नाही, पण दोष त्यांच्या माथी मारू नये. कंपन्यांना पागनीस नको होते, तुकाराम हवा होता. तोच माणूस काशीत नेऊन बसवा, जुनागढला नेऊन बसवा, पोस्टरवर हात जोडलेला दिसला की पुरे. यात एक गोष्ट हातची गेली. तुकारामाच्या भूमिकेत निम्मे काम मराठी अभंग करतो; ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच ठाऊक असतो आणि नटाला नुसते त्याच्यामागे उभे राहायचे असते. भाषा बदलली की हा आधार सुटतो. मग उरतात त्या मुद्रा.

प्रश्न : आजोबांपासून देवघरात तुकाराममहाराजांची तसबीर आहे. ती पागनीसांची आहे असे पाहुण्यांनी सांगितले. कसे ओळखावे? (जुळे सोलापूर)

पाहुणे बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. या चित्रपटानंतर पागनीसांच्याच छबीला लोकांनी हार घातले.

घड्याळजीकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि गालाचा भाग पाहा. अगदी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र आहे, बहुधा कॅलेंडरचे. ठिपके नसून काळ्यापासून राखाडीपर्यंत रंग सलग विरत गेलेला दिसला तर तो फोटो. मग उजेडाकडे लक्ष द्या. फोटोत प्रकाश एका बाजूने येतो, नाकाची सावली एका गालावर पडते, उपरण्याच्या चुण्या वेड्यावाकड्या असतात. चितारलेल्या तसबिरीत सगळीकडे सारखा उजेड, डोक्यामागे प्रभावळ आणि चुण्या ओळीने. सर्वांत जास्त आढळतो तो तिसरा प्रकार : चित्रकाराने पागनीसांचा फोटो समोर ठेवून रंगवलेली आणि मग छापलेली तसबीर. ती ठिपक्यांचीही असते आणि पागनीसांचीही. त्यामुळे नुसत्या ठिपक्यांवरून निकाल देऊ नका.

साफ करताना चूक हमखास होते ती ओल्या फडक्याने. पाणी काचेच्या कडेने आत उतरते आणि जुना फोटो काचेलाच चिकटतो. एकदा चिकटला की ओढून काढायला जाऊ नका, चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. अशा वेळी काचेवरूनच ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या आणि मूळ तसेच राहू द्या. चिकटला नसेल तर मागचे खिळे पक्कडीने सरळ उपसा, मागची फळी किंवा पुठ्ठा कसर लागलेला असेल तर बदला, आणि फोटो व काच यांच्यामध्ये चारी बाजूंनी जाड कागदाची पट्टी घाला म्हणजे दोघांत फट राहील. समईच्या थेट वर तसबीर टांगू नये. काजळी काचेवर बसते ती पुसता येते. चौकटीतून आत शिरते ती नाही.

प्रश्न : आमचे भजनी मंडळ ‘आधी बीज एकले’ तुकोबांचा अभंग म्हणून गाते. एका बुवांनी भर भजनात हरकत घेतली. खरे काय? (मंगळवेढा)

बुवांचे बरोबर. हे पद शांताराम आठवले यांनी याच चित्रपटासाठी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी संगीत दिले. भल्याभल्यांना ते गाथेतले वाटले आहे, तेव्हा मंडळाने ओशाळण्याचे कारण नाही.

पुढच्या वेळी स्वतःच तपासता यावे म्हणून ही युक्ती. तुकोबांचे बहुसंख्य अभंग मोठ्या अभंगात आहेत : एका चरणाचे चार खंड, अक्षरे सहा-सहा-सहा-चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खंडाचे यमक जुळलेले. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, काना-मात्रा मोजायच्या नाहीत. ‘सुंदर तें ध्यान’ सहा, ‘उभे विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा, ‘ठेवोनियां’ चार. वरी-वरी यमक जुळले. आता ‘आधी बीज एकले’ मोजा : सात. पुढचे काही खंडही या साच्यात बसत नाहीत. एखाद-दुसरे अक्षर कमीजास्त तुकोबांच्याही अभंगात सापडते, लहान अभंगाचा साचा आठ-आठचा असतो, म्हणून एका ओळीवर फैसला नको. सगळे पद मोजा. दुसरी खूण शेवटच्या चरणातली. ‘तुका म्हणे’ आहे का ते बघा. इथे ते नाही. काही मंडळे चाल भरून काढायला ते स्वतःच घुसडतात, ते मात्र करू नका. चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो; आपण उलट्या दिशेने तेच करायचे का?

गाताना आणखी एक. भोळ्यांनी सालोमालोच्या तोंडी नाटकी, नटवी चाल दिली आणि तुकारामाला साधी. पागनीस भजन गाणारे असल्याने त्यांच्या गळ्यावर ती सहज बसली. मंडळातला हौशी गायक तिथे ताना घालतो आणि नकळत सालोमालो होतो. आठ मात्रांचा धुमाळीचा ठेका धरा, लय वाढवू नका, पेटी गळ्याच्या खाली ठेवा.

प्रश्न : पालखी अकलूजला येते तेव्हा शाळेची दिंडी निघते. चौथीतल्या मुलाला पागनीसांसारखा तुकाराम करायचा आहे. पोशाख आणि अभिनय सांगा. (माळीनगर)

मोठ्यांचे धोतर चार-साडेचार मीटरचे असते. ते या वयाच्या मुलाच्या पायात येते आणि दिंडीत पाचव्या मिनिटाला सुटते. अडीच ते तीन मीटर मलमल पुरे. आत अर्धी चड्डी, कमरेला घट्ट नाडी, निऱ्या नाडीत खोचून दोन सेफ्टी पिना आतल्या बाजूने. पागोटे डोक्यावर बांधत बसू नका. गांधी टोपीवर वीतभर रुंदीची पट्टी आदल्या दिवशी गुंडाळून टाके घालून ठेवा.

कोरे पांढरे कापड उन्हात मोबाइलच्या चित्रात नुसता पांढरा डाग दिसते, चुण्या नाहीशा होतात. दोन लिटर पाण्यात दोन चमचे चहा पावडर उकळून गाळा, त्यात कापड दहा मिनिटे बुडवा, साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. कापड आधी ओले करून मगच बुडवा, नाहीतर डाग-डाग उठतात. मिशी काजळाने काढली तर घामाबरोबर ओघळते. भुवयांची पेन्सिल वापरून वर पावडरचा हलका हात फिरवा. गोपीचंदन सहाणेवर उगाळून घट्टच ठेवा, पातळ झाले की वाळून पापुद्रे निघतात. दोन उभ्या रेघा नाकाच्या मुळाशी जोडून घ्या आणि बुक्का शेवटी लावा.

चिपळ्यांची जोडी एकाच हातात धरतात : एकीच्या कडीत अंगठा, दुसरीच्या कडीत बोटे. दोन्ही हातांत एकेक देऊन टाळासारख्या आपटायला लावू नका, गावातला कुणीही वारकरी लगेच हसेल. वीणा खऱ्याऐवजी हलकी पुठ्ठ्याची चालेल, पण पट्टा गळ्यात हवा. आणि पुठ्ठ्याची असली तरी जमिनीवर ठेवू देऊ नका. वारकऱ्यांत वीणा खाली ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या गळ्यात देतात. मुलाला तहान लागली तर ती धरायला कोण उभे राहणार, ते शिक्षकांनी आधी ठरवावे.

अभिनयाचे म्हणाल तर हात कमी हलवायला शिकवा. मुले पागनीसांची नक्कल म्हणून डोळे मिटून मान डोलावतात, त्यात मूल झोपलेले दिसते. नजर आपल्यापासून चार हातांवर जमिनीकडे ठेवायला सांगा. चालणे जरा संथ. आवली करणाऱ्या मुलीला मात्र मोकळे सोडा, तिने भांडलेच पाहिजे. तिचा सूर जितका चढा, तितका तुकाराम आपोआप शांत दिसतो.

प्रश्न : आवली झालेली गौरी कोण? (अक्कलकोट)

प्रभातमध्ये किरकोळ कामाला असलेली बाई. शिक्षण नाही, नाटकाचे वळण नाही. चित्रपटाची पटकथा शिवराम वाशीकरांची. मूल आजारी पडल्यावर पायातले हातात घेऊन देवावर धावून जाणारी बाई त्यांनी लिहिली, पण ती खरी वाटते गौरीमुळे. पागनीसांच्या कीर्तीतला तिचा वाटा फार कमी लोक मोजतात.

प्रश्न : कार्तिकीला सभागृहात हा चित्रपट दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (पंढरपूर)

लांबी १३१ मिनिटे, तेव्हा मध्यंतर धरून अडीच तास सभागृह ठेवा. प्रतीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी महिनाभर आधी पत्रव्यवहार करा. प्रोजेक्टर १६:९वर असेल तर चित्र आडवे ताणले जाते आणि सडपातळ पागनीस गोलमटोल दिसतात. ४:३ निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील ते राहू द्या. आवाजात खरखर आहे म्हणून ट्रेबल वाढवला तर खरखरच वाढते. ट्रेबल आणि बास दोन्ही उतरवा, मधला पट्टा वर घ्या, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर ठेवा. पंखे जोरात असतील तर संवाद ऐकू येणार नाहीत. कार्तिकीच्या थंडीत ते बंदच ठेवता येतील.