स्टे नव्हता, मग मी कुठे चुकलो?

प्रश्न : गोव्यात फोंड्याजवळ ऑगस्ट 2023 मध्ये 300 चौरस मीटरचा प्लॉट घेतला. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव होते, सब-रजिस्ट्रारकडचा भार नसल्याचा दाखलाही काढला होता. जोते घातल्यावर कळले, की त्याच्या बहिणीने फेब्रुवारी 2022 मध्येच वाटणीचा दावा लावला आहे. कोर्टाचा स्टे नव्हता, मला नोटीस नव्हती. सेलडीड रद्द होईल का?

उत्तर : स्टे नव्हता, हे वाक्य माझ्या टेबलासमोर बसून दर महिन्याला कुणी ना कुणी म्हणतेच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 52 ला स्टे लागत नाही. दावा दाखल झाला त्या दिवसापासून हुकमाची अंमलबजावणी पुरी होईपर्यंत त्या जमिनीचा व्यवहार निकालाला बांधलेला असतो. ‘मला ठाऊक नव्हते’ हेही चालत नाही. आणि भार नसल्याच्या दाखल्यात दिवाणी दावा दिसेलच असे नाही. तिथे दिसतात ते नोंदलेले दस्त. महाराष्ट्रात दाव्याची नोटीस नोंदवण्याची तरतूद आहे, त्या भरवशावर इथे राहू नका.

तरी घाबरू नका, सेलडीड आपोआप रद्द होत नाही. भाऊ जिंकला तर तुम्ही जिंकलात. बहिणीचा हिस्सा ठरला तर तो तुमच्या प्लॉटलाही लागू. गोव्यात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, तेव्हा तिचा दावा हलका समजू नका.

आता कामाचे. आधी बांधकाम थांबवा. डिचोलीच्या माझ्या एका पक्षकाराने ‘पावसाआधी स्लॅब टाकून घेतो’ म्हणत काम रेटले. निकालानंतर भिंतीचे पैसे कुणाकडे मागायचे, हा प्रश्न त्याला आजही छळतो. मग वकील करून त्याच दाव्यात सामील होण्याचा अर्ज द्या. पैसे खिशात पडलेला विकणारा तारखांना फिरकत नाही, कधी बहिणीशी परस्पर समेटही करतो. सामील झालात की कोर्टाला विनंती करता येते, की वाटणीत हा तुकडा शक्यतो भावाच्या वाट्याला द्या, म्हणजे तुमचे जोते वाचेल. कोर्ट ऐकेलच असे नाही, पण बाकीची जमीन पुरेशी असेल तर वाव असतो.

भावाने दावा लपवला, म्हणून त्याच्याकडून भरपाई मागता येईल. त्यासाठी पैसे दिल्याचे बँकेचे कागद आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप आजच वेगळे काढून ठेवा. सेलडीडवर त्याच्या बायकोची सही आहे ना, तेही पाहा. नसेल, तर मला पुन्हा लिहा, तो वेगळाच घोळ आहे.