फोन पडला, काच शाबूत आहे, पण हलवला की आत खडखडतं. उघडून दाखवू का?

तुम्ही लिहिलंय की स्कूटरवरून उतरताना फोन सिमेंटच्या रस्त्यावर आपटला, चालतोय व्यवस्थित, फक्त आवाज येतो. मी इंदूरला मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. माझं म्हणणं असं: आज फोन उघडू नका, आज त्यातला डेटा दुसरीकडे काढून घ्या.

आधी आवाजाचं बघू. फोटो हलू नये म्हणून बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याची लेन्स चुंबकावर तरंगती ठेवलेली असते. फोन नवा असला तरी हलवल्यावर ती खडखडते. कॅमेरा चालू करून पुन्हा हलवा. आवाज थांबला तर तो लेन्सचाच, काळजी नको. मात्र हात स्थिर असताना चित्र थरथरत असेल किंवा कॅमेरा गुणगुणत असेल, तर तो भाग गेलाय.

खरी भीती एकाच गोष्टीची, बॅटरीची. तिच्या आतल्या दोन थरांमध्ये केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. मार बसून तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, आणि कधी कधी हे लगेच कळतही नाही. म्हणून पुढचे काही दिवस लक्ष ठेवा: फोन काही न करता गरम होतोय का, चार्ज भराभर उतरतोय का, स्क्रीनची किंवा पाठीची कड उचललीय का, नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतोय का. यातलं काही दिसलं तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, फुगवटा दाबून बघू नका, अंथरुणापासून लांब ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या. रात्री उशाशी चार्जिंगला लावायची सवय असेल तर तीही तूर्त सोडा.

बोर्डाचं, म्हणजे सगळ्या चिपा बसवलेल्या आतल्या मुख्य पट्टीचं, दुखणं उशिरा बाहेर येतं. चिप खालच्या बारीक बारीक झाळेच्या ठिपक्यांवर बसलेली असते. त्यात चीर पडली तरी फोन चालतो, मग तापणं आणि निवणं होत होत चीर वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा असे फोन मध्येच रीस्टार्ट व्हायला लागतात किंवा नेटवर्क सोडतात. *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, येतोय ना, तेही बघा; नाही आला तर नेटवर्कच्या भागात बिघाड असू शकतो. स्क्रीन ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी) असेल आणि कोपऱ्यात काळा डाग दिसला, तर तो पसरत जाऊ शकतो.

डेटाची घाई का, तर आजकालच्या फोनमधली मेमरी कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली. बोर्ड मेला तर मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी फोटो वाचता येत नाहीत. घरच्यांचे फोटो असे गमावून बसलेली माणसं समोर बसतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण माझ्या हातात काहीच नसतं.

आणि चालता फोन उघडायला मी नाही का म्हणतो? पाणी अडवणारा कडेचा गोंद उघडताना तुटतो. फोनवर आयपी ६८, म्हणजे पाणी-धूळ अडवण्याची खूण, लिहिलेलं असलं तरी आपटल्यानंतर त्या आकड्यावर तसाही विसंबू नका, पावसात पिशवीत ठेवा.

पुढे नेटवर्क गेलंच आणि इथे इंदूरच्या जेल रोडवरच्या मोबाइल बाजारात दाखवायला नेलात, तर कारागीर नुसती गरम हवा मारणार आहे की चिप काढून नव्याने झाळून बसवणार आहे, हे आधी विचारा. नुसत्या हवेने फोन सुरू होतो, पण बहुतेक वेळा थोड्याच दिवसांपुरता. काम आपल्यासमोर करायला सांगा.