सेनापती रोखोवर लिहायला बसण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

स्पेनच्या यादवी युद्धात (1936-39) जनरल फ्रँकोच्या बंडाविरुद्ध प्रजासत्ताकाकडून लढलेल्या व्हिसेंते रोखोवरचा तुझा मसुदा वाचला. पहिल्याच पानावर 'माद्रिदचा तारणहार' तीनदा आलाय. तिन्ही काढ आणि तिथे नोव्हेंबर 1936 चे दोन दिवस नीट मांड.

6 नोव्हेंबरला प्रजासत्ताकाचं सरकार माद्रिद सोडून वालेन्सियाला निघालं. जाताना जनरल मियाखा आणि जनरल पोसास यांना एकेक बंद लखोटा दिला, 'सकाळी सहाच्या आत उघडू नये' या सूचनेसह. मियाखाने रात्रीच फोडला, तर आत पोसासचे हुकूम! लखोट्यांची अदलाबदल झाली होती. शहर राखण्याची जबाबदारी मियाखाची, आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे योजना आखणारा मुख्य अधिकारी, लेफ्टनंट कर्नल रोखो. हातात नेमकी किती माणसं आहेत, हेसुद्धा त्यांना त्या रात्री शोधून काढावं लागलं.

7 तारखेला एका निकामी झालेल्या छोट्या इटालियन रणगाड्यातल्या मृत अधिकाऱ्याजवळ शत्रूच्या, म्हणजे फ्रँकोच्या बाजूच्या, जनरल वारेलाचा लेखी हुकूम सापडला. दक्षिणेला काराबांचेलच्या बाजूने नुसती हूल द्यायची, आणि खरी मुसंडी पश्चिमेच्या कासा दे काम्पोतून विद्यापीठाच्या आवाराकडे मारायची. आता रोखोच्या जागी बसून बघ. कागद खरा की मुद्दाम टाकलेला? आणि हुकूम 7 तारखेचा, म्हणजे शिळा झाला का? त्याने ताडलं की, शत्रू त्या दिवशी वेशीवरच अडकल्यामुळे ही योजना 8 ला अमलात येणार. रातोरात त्याने चांगल्या तुकड्या कासा दे काम्पोकडे वळवल्या. कागद नशिबाने मिळाला, वाचला मात्र त्याने. मसुद्यात एवढंच म्हण. बाकीचं श्रेय खंदक खणणारे नागरिक, मिलिशिया (नागरिकांची सशस्त्र पथकं) आणि 8 ला पोचलेली परदेशी स्वयंसेवकांची 11वी आंतरराष्ट्रीय ब्रिगेड यांना वाटून दे. 15 ला शत्रू मान्सानारेस नदी ओलांडून विद्यापीठात शिरलाच, हेही लपवू नकोस. 23 ला फ्रँकोने समोरून हल्ले करणं थांबवलं.

आता तुझ्या मसुद्यात सर्वांत कच्चा राहिलेला भाग. मे 1937 पासून रोखो सगळ्या सैन्याच्या जनरल स्टाफचा प्रमुख होता. त्याच्या मोठ्या मोहिमा तू एका परिच्छेदात गुंडाळल्यास. कागदावर चार रकाने आखून घे: हेतू काय, सुरुवात कधी, अडलं कुठे, शेवट काय. ब्रुनेते, 6 जुलै 1937: हेतू उत्तर आघाडीवरचा दाब कमी करण्याचा. प्रजासत्ताकाचा कमांडर लिस्तेर याच्या तुकडीने ब्रुनेते पहिल्याच दिवशी घेतलं, पण बाजूला किहोर्नासारखी छोटी गावं चिवटपणे लढत राहिली. ती घेण्यात दिवस गेले आणि तेवढ्यात फ्रँकोची कुमक येऊन थडकली. बेल्चिते, 24 ऑगस्ट: लक्ष्य सारागोसा, पण गाडं गावातच रुतलं; बेल्चिते 6 सप्टेंबरला पडलं, उत्तरेचं सांतांदेर शहर त्याआधीच हातचं गेलं होतं. तेरुएल, 15 डिसेंबर: कडाक्याच्या थंडीत 8 जानेवारीला शहर जिंकलं, 22 फेब्रुवारीला गमावलं. एब्रो, 25 जुलै 1938: मध्यरात्रीनंतर होड्यांनी नदी ओलांडली, शत्रू पुरता गाफील सापडला, गांदेसापाशी मात्र गाडी थांबली. फ्रँकोच्या बाजूने वरची धरणं उघडून पूर सोडला, पूल वाहून गेले, तोफा मागेच राहिल्या. 16 नोव्हेंबरला उरलेले सैनिक परत नदीपार आले.

रकाने भरलेस की दिसेल: सुरुवात दरवेळी देखणी, आणि मग दोन-तीन दिवसांत गाडं अडतं. का? योजना कागदावर जितकी बारीक, तितके ती राबवणारे मधल्या फळीचे अधिकारी तयार नव्हते. अडलेल्या ठाण्याला वळसा घालून पुढे जाण्याऐवजी ते तिथेच झुंजत बसत. ट्रक कमी, विमानं कमी, आणि फाट रुंदावायला राखीव फौज नाही. रोखोला दोष द्यायचाच असेल तर इथे दे: हे सगळं माहीत असून त्याने त्याच साच्याच्या मोहिमा पुन्हा आखल्या. त्याच्या बाजूने एवढंच की, नुसतं बचावात बसलं असतं तर फ्रँकोने आघाड्या एकेक करून मोडल्या असत्या. कौल कुठल्या बाजूला द्यायचा, ते तू तुझं ठरव.

'रोखो' म्हणजे स्पॅनिशमध्ये लाल. म्हणून 'लाल सेनापती' असं शीर्षक देण्याचा मोह होईल. नको. माणूस श्रद्धाळू कॅथलिक होता, कम्युनिस्ट नव्हता. जन्म 1894 चा, वालेन्सिया प्रांतातला. वडील सैनिकी पेशातले, ते त्याच्या जन्माआधीच गेले. तोलेदोच्या पायदळ अकादमीत तो शिकला आणि पुढे तिथेच शिक्षक झाला. बालपण एका परिच्छेदात आटोप, पण तोलेदो सोडू नकोस. 9 सप्टेंबर 1936 ला तिथल्या अल्काझार किल्ल्यात प्रजासत्ताकाच्या फौजेने वेढलेल्या बंडखोर कर्नल मोस्कार्दोकडे शरणागतीच्या अटी घेऊन जाण्याचं काम त्याच्याकडे आलं. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत नेलं. आत त्याचे जुने सहकारी होते. मोस्कार्दोने अटी नाकारल्या आणि एक पाद्री पाठवायला सांगितलं. रोखो हवं तर तिथेच राहू शकला असता. तो परत प्रजासत्ताकाकडे आला. त्याची निष्ठा कळायला हा प्रसंग माद्रिदपेक्षा उपयोगी आहे.

शेवटी युद्ध हरल्यानंतरची बोलिव्हियातली अध्यापनाची वर्षं दोन ओळींत घे आणि 1957 वर थांब. त्या वर्षी तो स्पेनला परतला, तेव्हा फ्रँकोच्या राजवटीने त्याच्यावर खटला भरला. आरोप लष्करी बंडाचा होता! दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा झाली, मग माफी मिळाली, पण तो तुरुंगात गेला नाही तरी नागरी हक्क गेलेच. 1966 मध्ये माद्रिदमध्येच वारला. आरोपाचे शब्द जसेच्या तसे दे, त्यावर टिप्पणी करू नकोस.

रकाने भरून झाले की पाठव.