कपाट उघडलं की जीव दडपतो

प्रश्न: कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात. आवरलं तरी आठवड्यात पुन्हा तेच. आई गेली, तिचे स्वेटरही टाकवत नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, सगळं कपाट एकदम पलंगावर ओतू नका. मी तसं केलं आणि रात्री थकून सगळं परत कोंबलं. एकच कप्पा घ्या, अर्धा तास, बस.

हँगर सगळे उलटे अडकवा, आकड्याचं टोक आपल्याकडे. घातलेला कपडा धुऊन परत लावताना तेवढा हँगर सुलटा करा. वर्षभर (सगळे ऋतू जाऊ द्या) जे उलटेच राहतील, ते देऊन टाका. मनाशी वाद घालावा लागत नाही.

स्वेटर मात्र टांगू नका, वजनाने खांदे ओघळतात. धुऊन, पूर्ण वाळवून घडी घाला; घामाचे डाग राहिले की लोकरीला कसर लवकर लागते.

आईचा कप्पा सगळ्यात शेवटी. माझ्या आईचा राखाडी स्वेटर, कोपराला तिनेच रफू केलेला, मी ठेवलाय. बाकीचे चार देताना खूप रडले. तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या, आणि त्या दिवशी दुसरं काही आवरू नका.