ईमेलने न जाणारी मोठी फाइल पाठवायची कशी?

साडेतीनशे एमबीची पीडीएफ ईमेलने जात नाही, अशी आपली तक्रार आहे. ती जाणार नाहीच. जीमेलची मर्यादा २५ एमबीची, आणि पाठवताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे काही ठिकाणांहून २० एमबीचीसुद्धा परत येते. झिप करून पीडीएफ फारशी आटत नाही. गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरील साठवणीत, चढवून लिंक द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्या मताची किंमत मी मोजलेली आहे.

सांगलीच्या खणभागात मी आणि माझे थोरले बंधू डीटीपीचे दुकान चालवतो. एका शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेची छपाईसाठीची पीडीएफ, जुन्या छायाचित्रांमुळे, १.४ जीबीची झाली होती. पेनड्राइव्ह पाकिटात घालून रात्रीच्या एसटीने पुण्याला धाडावा, स्वारगेटला छापखान्याचा माणूस उतरवून घेईल, असे दादांचे म्हणणे होते. मी हट्टाने ड्राइव्हवर चढवली. आमच्याकडे अपलोडचा वेग १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी, त्यामुळे वीस मिनिटांत काम उरकले. लिंक पाठवून मी निर्धास्त घरी गेलो. रात्री अकराला छापखान्यातील ऑपरेटरने ती उघडली, तर समोर परवानगी मागण्याची पाटी, कारण नवी फाइल फक्त मालकापुरतीच खुली असते, हे मी विसरलो होतो. त्याची विनंती दुकानाच्या ईमेलवर रात्रभर पडून राहिली आणि सकाळी साडेनऊला मी ती पाहीपर्यंत मशीनवर दुसऱ्याचे काम चढले होते. दोन दिवस गेले. "एसटी कधी परवानगी मागत नाही," हे वाक्य दादा आजही गिऱ्हाइकांदेखत ऐकवतात.

चूक लिंकची नव्हती, माझी होती. म्हणून शेअरच्या खिडकीत 'लिंक असलेली कोणतीही व्यक्ती' हा पर्याय निवडून ती लिंक आधी स्वतः ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, जिथे आपले खाते उघडलेले नसते, उघडून पाहावी. ड्राइव्हची फुकटची १५ जीबी जागा ईमेल आणि फोटोंसह मिळून असते, एवढे ध्यानात ठेवावे. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाइल जाते, मात्र छायाचित्रे डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावीत, नाहीतर त्यांचा दर्जा उतरतो.

आणि पेनड्राइव्हचे म्हणाल, तर दादांच्याच ३२ जीबीच्या, निम्म्या रिकाम्या पेनड्राइव्हवर पुढे एकदा ५ जीबीचा व्हिडिओ बसेना, कारण पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून व्हिडिओ मीच बसवून दिला, तेव्हा मात्र दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हते.

फाइलमध्ये आधार किंवा बँकेची कागदपत्रे असतील तर लिंक सर्वांना खुली न ठेवता समोरच्याचा ईमेल पत्ता घालूनच द्यावी. आणि लग्नाचे २०० जीबीचे शूटिंग असेल, तर आमच्या वेगाने ते चढायला चव्वेचाळीस तास लागतील. तेवढ्यापुरती दादांची एसटी बरी.