कोल्हापूरजवळ मध्ययुगीन तटबंदीचं गाव बघायचं असेल तर कुठे जावं?

सरळ पन्हाळ्याला जा. कोल्हापुरापासून साधारण वीस किलोमीटर. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधून घेतला. आजही तटाच्या आत माणसं राहतात, नगरपरिषद आहे, म्हणून मी याला नुसता किल्ला न म्हणता गाव म्हणेन. कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच, १७२९ सालचा.

वेळ कमी असेल तर अंधारबाव मात्र चुकवू नका. बाहेरून साधी दगडी इमारत वाटते, आत तीन मजले. तळाशी विहीर, वर पहारेकऱ्यांची जागा आणि मधल्या मजल्यावरून थेट तटाबाहेर पडणारी चोरवाट! वेढा पडला तरी पाणी आपल्याच ताब्यात.

अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. छताकडे नक्की बघा, तिथल्या भोकांतून धान्य आत ओतत. १६६० मध्ये सिद्दी जौहरने महिनोन्‌महिने वेढा घातला, तेव्हा गड का तग धरून राहिला ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

तीन दरवाजा आदिलशाही काळातला. त्यावरचं कोरीवकाम सकाळी निवांत बघा. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा भिंतींवर नावं कोरणाऱ्यांना कृपया तिथल्या तिथे अडवा.